गिल्डमधला पोरगा बॉट चालवताना सापडला. काढायचा का?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:४०

आम्ही सोळा-सतरा जण गेली आठ वर्षं एक ऑनलाइन गेम एकत्र खेळतोय. हेच आमचं गिल्ड. बहुतेक पुण्यातले. काही कॉलेजचे दोस्त, काही गेममध्येच ओळख होऊन मग गणपतीत एकमेकांच्या घरी आरतीला जायला लागलेले. गेमचं नाव देत नाही, कारण प्रश्न त्या गेमचा नाही. जंगलातून वनस्पती गोळा करायच्या, खाणीतून धातू काढायचा, त्यातून औषधं नि हत्यारं बनवून बाजारात विकायची आणि त्या पैशांवर मोठ्या मोहिमेची तयारी करायची, असा तो प्रकार.

गेल्या सहा महिन्यांत वनस्पतींचा भाव पार बसला. जुडी ४०० गोल्डला (गोल्ड म्हणजे गेममधला पैसा) जायची, आता ९०. नवीन माणूस आला की पहिले दोन महिने याच कमाईवर जगतो. आमच्याकडे या वर्षी पाच जण नवे आले आणि पाचही सोडून गेले. मी त्यांना सांगत होतो, धीर धरा, खातं आपोआप चालतं ठेवून माल काढणारे बॉटवाले पकडले जातील.

परवा सुट्टी होती, पण रात्रपाळीच्या सवयीने झोप येईना, म्हणून पहाटे ३ ला लॉगिन केलं. आमच्यातला सगळ्यात लहान मेंबर नदीकाठी वनस्पती तोडत होता. आमच्यात एक पद्धत आहे, कोणी भेटलं की आधी विचारायचं, "जेवलास का?" विचारलं. उत्तर नाही. झाड, खडक, ओढा, परत झाड. वीस मिनिटं तोच फेरा. शेवटी मी त्याच्या वाटेत जाऊन उभा राहिलो. त्याचं पात्र मला धडकून जागच्या जागी पाय हलवत राहिलं. ते बघून पोटात कालवलं.

सकाळी फोन केला तर एका दमात कबूल केलं. तीन खाती, पाच महिने. गोल्ड टेलिग्रामवर खऱ्या पैशांत विकतो. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो, घरून पैसे यायचे बंद झालेत, यातून मेसचं बिल भरतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला जड जातंय. गिल्डच्या कोठारात दर आठवड्याला सगळ्यात जास्त माल तोच टाकायचा, फुकट. आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलंय आणि त्या मालावर मोहिमा जिंकल्यात.

काढायचा? कंपनीला कळवायचं? की बंद कर म्हणून सोडून द्यायचं? मला रागही आलाय आणि त्या पोराची काळजीही वाटतेय, त्यामुळे माझ्या एकट्याच्या डोक्यावर विश्वास नाही.

कोथरूडकर_७९

काढा. आजच. ती पाच पोरं सोडून गेली, त्यांना कोणी फोन केला होता का?

तिसरा_डाव

मला नीट कळलं नाही. आम्ही बीजीएमआय खेळतो. तिथे बॉट म्हणजे खालच्या रँकला कंपनीनेच सोडलेले कच्चे भिडू, समोर उभे राहून गोळ्या खातात. कोणी वाईट खेळला तर त्यालाही आम्ही बॉट म्हणूनच चिडवतो. ते बिचारे कोणाचं काय वाईट करणार?

पाषाण_टेकडी

तिसरा_डाव, शब्द एकच, गोष्टी वेगळ्या. इथे बॉट म्हणजे माणसाच्या जागी बसून त्याचं खातं चालवणारा प्रोग्राम. तुमच्याकडे भिंतीपलीकडचं दिसणारे आणि आपोआप डोक्यावर नेम धरणारे असतात ते चीटर. चीटरमुळे सामना नासतो, बॉटमुळे बाजार.

मी बाणेरला एका छोट्या स्टुडिओत सर्व्हरचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गेममधला पैसा समजायचा तर घरातला नळ आणि मोरी डोळ्यांपुढे आणा. राक्षस मारला आणि गोल्ड मिळालं, तर ते कोणाच्या खिशातून आलेलं नसतं, सर्व्हरने त्या क्षणी तयार केलेलं असतं. हा नळ. हत्याराची दुरुस्ती, प्रवासाचं भाडं, बाजाराची फी, यात दिलेलं गोल्ड गेममधून कायमचं नाहीसं होतं. ही मोरी. नळ किती सोडायचा हे आम्ही माणूस दिवसाला दोन-तीन तास खेळेल असं धरून ठरवतो. बॉट चोवीस तास नळाखाली बादली लावून बसतो आणि मोरी तेवढीच राहते.

रात्रपाळींच्या बाजारात मात्र भाव चढलेले नाहीत, पडलेत. गोल्ड काढणाऱ्या बॉटमुळे महागाई होते, माल काढणाऱ्या बॉटमुळे त्या मालाचा भाव कोसळतो. दोन्ही एकदम चालले की वनस्पती मातीमोल आणि दुर्मीळ तलवार आभाळाला. जुन्या खेळाडूकडे तलवार आधीच असते, त्याचं काही बिघडत नाही. नव्याकडे विकायला वनस्पतींशिवाय काही नसतं आणि त्याला घ्यायची असते तीच तलवार. म्हणून पहिल्यांदा नवे जातात.

मंडईवाला

ताई, तुम्ही गेमचं सांगितलंत, मी रोज गुलटेकडीला हेच बघतो. माझा मार्केट यार्डात पालेभाजीचा गाळा आहे. एखाद्या रविवारी कोथिंबिरीची आवक दुप्पट झाली की सकाळी सहाला शेकडा जुड्यांचा एक भाव आणि आठला दुसराच. शेतकऱ्याचं गाडीभाडंही सुटत नाही.

पण फरक सांगतो. त्या आवकेमागे राबलेले हात असतात. पाऊस बरा झाला, सगळ्यांनी एकदम पेरली, भाव पडला. हळहळ वाटते, पण कोणी लुबाडलं असं वाटत नाही. बॉटने भाव पाडला की हाताने तोडणाऱ्याला वाटतं आपणच येडे. माझा मुलगा असाच एक गेम खेळायचा. रोज संध्याकाळी दीड तास मासे पकडायचा. एक दिवस म्हणाला, बाबा, इथे दोनशे जण मासे पकडतायत आणि त्यातला मी एकटाच जिवंत आहे. दुसऱ्या दिवशी काढून टाकला गेम.

नेमबाज

मंडईवाले काका, तुमच्या मुलाचं ते वाक्य वाचून दोन मिनिटं गप्प बसले.

जुना_खेळगडी

रूनस्केप या जुन्या ऑनलाइन गेमची आठवण झाली. २००६-०७ ला फर्ग्युसन रस्त्याजवळच्या एका सायबर कॅफेत तासाला २० रुपये देऊन खेळायचो.

गोल्ड विकणारे तेव्हा चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर मेंबरशिप घ्यायचे. कार्डाचा खरा मालक तक्रार करायचा, बँक पैसे परत मागायची आणि तो भुर्दंड कंपनीवर. तेव्हा २००७ च्या डिसेंबरात आणि २००८ च्या जानेवारीत कंपनीने जालीम औषध दिलं. दोन खेळाडूंमधला व्यवहार बाजारभावाला बांधून टाकला. कोणाला काही फुकट देणं जवळजवळ बंद, आणि ज्या रानात हरलेल्याचा माल जिंकणाऱ्याला मिळायचा, तिथली खेळाडूंमधली लढाईही काढून टाकली.

गोल्डवाल्यांचा धंदा बसला खरा. पण माझ्या धाकट्या भावाने खेळायला सुरुवात केली तेव्हा मला त्याला साधं चिलखत देता येईना. मित्रामित्रांतली उसनवारी गेली. सुमारे तीन वर्षांनी, खेळाडूंचं मत घेऊन, फेब्रुवारी २०११ मध्ये मुक्त व्यवहार परत आणला आणि बॉटही परत आले, इतके की त्याच वर्षी ऑक्टोबरात लाखो खाती एका झटक्यात बंद करावी लागली.

सांगायचं एवढंच, की बॉटवर कडक उपाय केला की त्याची झळ प्रामाणिक खेळाडूलाच बसते. न्यू वर्ल्ड या गेममध्येही २०२१ च्या नोव्हेंबरात गोल्ड दुप्पट करायची पळवाट सापडली तेव्हा कंपनीला काही काळ सगळीच देवाणघेवाण बंद ठेवावी लागली होती.

दोन_पोरांचा_बाप

शिव्या बसतील, तरी लिहितो. मी गोल्ड विकत घेतो.

हिंजवडीहून घरी यायला आठ वाजतात. पोरं झोपली की तासभर मिळतो. त्या तासात मला मित्रांबरोबर मोहिमेवर जायचं असतं, झाडपाला तोडायचा नसतो. महिन्याला तीनशे रुपये देतो आणि तो वेळ विकत घेतो. यात मी कोणाचं वाईट करतोय असं कधी वाटलं नव्हतं. मंडईवाल्यांच्या मुलाचं वाचून पहिल्यांदा वाटलं.

कोथरूडकर_७९

गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे. पण कबूल केलंत, मान आहे.

पाषाण_टेकडी

दोन_पोरांचा_बाप, तुमची अडचण खरी आहे आणि ती कंपन्यांनाही माहीत आहे. ईव्ह ऑनलाइनने २००८ पासून आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने एप्रिल २०१५ पासून सरळ रस्ता दिला. तुम्ही कंपनीकडून एक टोकन रोख पैशाने घ्यायचं, गेमच्या बाजारात गोल्डला विकायचं. ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसा नाही तो ते घेतो आणि त्याची गेमची महिन्याची फी सुटते. नवं गोल्ड तयार होत नाही, फक्त हात बदलतं. हे टेलिग्रामपेक्षा शंभर पटींनी बरं.

पण यानेही बॉट संपले नाहीत. चोरबाजार नेहमी थोडा स्वस्त राहतो. ईव्हमध्ये टोकन आल्यावरही २००९ ला मोठी मोहीम काढून सहा हजारांवर खाती बंद करावी लागली. ही खाती एकूण खात्यांच्या सुमारे दोन टक्के होती, पण ती गेल्यावर सर्व्हरवरचा ताण ३० टक्क्यांच्या आसपास उतरला. बॉट किती राबतात याचा अंदाज यावरून करा.

तिसरा_डाव

मग कंपन्या दिसला बॉट की लगेच का काढत नाहीत? आम्ही रिपोर्ट करकरून थकतो. महिनाभर तोच माणूस तिथेच.

पाषाण_टेकडी

कारण लगेच काढला तर बॉट लिहिणाऱ्याला कळतं की आपण नेमके कशामुळे सापडलो. आज सकाळी क्लिकमधलं अंतर बदललं आणि संध्याकाळी पकडला गेला, म्हणजे तेच कारण. मग तो तेवढं दुरुस्त करतो. म्हणून खुणा गुपचूप गोळा करायच्या आणि एकदम लाट सोडायची. लॉस्ट आर्क हा कोरियन गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिका-युरोपात पोचला आणि मार्चमध्ये एका फटक्यात दहा लाखांहून जास्त बॉट खाती गेली, ती अशीच.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. चुकून खरा माणूस काढला तर? एकच फेरा तासन्तास मारणारी जिवंत माणसंही असतात. त्यामुळे आम्ही हालचालीपेक्षा पैशाच्या वाटेवर जास्त भर देतो. तीस खाती रोज सगळी कमाई एकाच खात्याला विनामोबदला देतायत, ते खातं दर दोन दिवसांनी अनोळखी लोकांना वाटतंय, असं जाळं दिसलं की शंका उरत नाही.

मुळामुठा

पोटाचा मुद्दा इतक्या पटकन बाजूला सारू नका. व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं तेव्हा तिथली माणसं ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये हिरवे ड्रॅगन मारून गोल्ड विकायची आणि त्यावर घरचं अन्न आणायची. २०१७ मध्ये कोणीतरी त्या लोकांना हुडकून कसं मारायचं याची मार्गदर्शिका लिहिली. लोकांना मजा वाटली. समोरच्या पात्रामागे उपाशी माणूस आहे हे माहीत असून.

कर्वेनगरच्या पोराला काढा म्हणणं सोपं आहे. कॉटचं भाडं, मेस, परीक्षेची फी, हे एकदा ज्याने भागवलंय त्याला विचारा.

कोथरूडकर_७९

भागवलंय. सकाळी पेपर टाकून, संध्याकाळी शिकवण्या घेऊन. म्हणूनच म्हणतो काढा. आणि व्हेनेझुएलाची ती माणसं हाताने खेळत होती. ड्रॅगनसमोर स्वतः बसत होती. मी त्यांना कधीच बॉट म्हणणार नाही.

मुळामुठा

नियम त्यांनीही मोडलाच की.

कोथरूडकर_७९

मोडला. पण स्वतःचे तास घातले. या पोराने झोपेत दुसऱ्यांचे तास पळवले.

वारजे_माळवाडी

मी गेम खेळत नाही, पण इथे लिहायलाच हवं. माझ्या नववीतल्या मुलाने गेममधले पैसे टेलिग्रामवर निम्म्या किमतीत घेतले. विकणाऱ्याने "थेट खात्यात टाकतो" म्हणून त्याचा पासवर्ड मागितला आणि याने दिला. दोन दिवस सगळं मजेत. तिसऱ्या दिवशी खात्यात शिरता येईना. तीन वर्षं जमवलेलं सगळं गेलं. पैसे थोडे होते, पण पोरगं आठवडाभर नीट जेवलं नाही. आम्हाला सांगायलाही घाबरत होता, कारण त्याला वाटत होतं त्यानेच गुन्हा केलाय.

बॉट चालवणारी मुलं ज्यांना माल विकतात ते पुढे काय करतात, हे त्यांना माहीत असतं का?

जुना_खेळगडी

ताई, बहुतेकांना नसतं. आणि निम्म्या किमतीत मिळतं ते बऱ्याचदा चोरीच्या कार्डावरचं असतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये पेट्या उघडायच्या किल्ल्या असतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने स्वतः जाहीर केलं की बाजारात फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्या किल्ल्या फसवणुकीच्या पैशातून आलेल्या आहेत, आणि नव्या किल्ल्या खेळाडूंनी एकमेकांना विकायलाच बंदी घातली. मुलाला सांगा, त्याचा गुन्हा नाही. फसवला गेलाय तो.

नेमबाज

आता माझं. कोणी चीट केलं नाही तरी चीटिंग माणसाचं काय करतं ते.

मी नेमबाजीचे गेम सहा वर्षं खेळतेय. जिथे चीटर वाढतात तिथे चांगलं खेळणारा प्रत्येक जण संशयित होतो, आणि मुलगी असेल तर आधीच. माइक चालू केला, आवाज ऐकला आणि मी सलग तिघांना पाडलं की ठरलेलं वाक्य येतं, "भाऊ खेळतोय का हॅक लावलाय?" गेल्या वर्षी माझ्याच टीममधल्या चौघांनी मिळून मला रिपोर्ट केलं. आता मी माइक बंद ठेवून खेळते. ज्या गप्पांसाठी खेळायला लागले त्या गेल्या.

कोरियाच्या गेगुरीचं ऐकलं असेल. ओव्हरवॉचमध्ये तिचा नेम इतका पक्का होता की २०१६ मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी चीटर ठरवलं. कंपनीने निर्दोष सांगितलं तरी लोक ऐकेनात. शेवटी स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर बसून, हात आणि पडदा दोन्ही दाखवत खेळावं लागलं. तेव्हा ती १७ वर्षांची होती. २०१८ ला ओव्हरवॉच लीगमध्ये खेळणारी ती पहिली महिला झाली. तिच्यावर बालंट आलं ते खऱ्या चीटरांनी जमीन तयार करून ठेवली होती म्हणून. तिच्याच देशात आज असे प्रोग्राम बनवणं आणि वाटणं हा कायद्याने गुन्हा आहे.

तिसरा_डाव

आम्ही पण असं बोललोय मुलींना. माफी असावी.

कॉट_नंबर_३

मीच तो. दादांनी धाग्याची लिंक पाठवली, दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

वडिलांची मोसंबीची बाग वाळली. मेसवाल्या काकूंचे दोन महिने थकले होते, त्या काही म्हणाल्या नाहीत म्हणून जास्त लाज वाटायची. होस्टेलच्या मित्राने बॉट दिला. पहिल्या महिन्यात मेस सुटली. मग वाटलं, गिल्डलाही देऊ, म्हणजे मनाला बरं वाटेल. कोठारात माल टाकायचो ते त्यासाठी. तुम्ही सगळे वा वा करायचात, तेव्हा मात्र झोप लागायची नाही.

जे पाच जण गेले त्यातल्या एकाला मीच वनस्पती कुठे मिळतात ते शिकवलं होतं. त्याच जागी रात्री माझी तीन खाती चालू असायची. तो म्हणायचा, माझ्या नशिबात काही उगवतच नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

वारजेच्या काकू, मला खरंच माहीत नव्हतं पुढे कोणाला विकतात. मी विचारलंही नाही.

काल तिन्ही खाती बंद केली आणि कंपनीला स्वतः लिहिलं, माझ्या मूळ खात्यासकट.

मंडईवाला

बाळा, कोठारात अजून किती माल आहे?

रात्रपाळी

सुमारे ११,००० जुड्या. त्याचं काय करायचं हाच आता गिल्डमध्ये वाद चाललाय. काही म्हणतात विकू आणि सोडून गेलेल्या पाच जणांना परत बोलावून त्यांना ते गोल्ड देऊ.

पाषाण_टेकडी

विकू नका! एवढा माल एकदम बाजारात गेला तर ९० चा भाव ३० वर येईल, आणि परत मार नव्यांनाच. नष्ट करा. ओल्ड स्कूल रूनस्केपने डिसेंबर २०२१ मध्ये बाजारातल्या विक्रीवर १ टक्का कर बसवला, नंतर तो २ टक्के केला, आणि त्या पैशातून कंपनीच बाजारातल्या वस्तू विकत घेऊन पुसून टाकते. हीच मोरी.

मंडईवाला

माल फेकायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, मग तो खोटा का असेना. पण ताईंचं बरोबर आहे. त्या मालाला घाम लागलेला नाही, त्यामुळे तो कोणाच्या ताटातला नाही.

मुळामुठा

आणि पोराचं?

रात्रपाळी | रविवार, रात्री १०:१५

आज दुपारी माझ्या घरी अकरा जण जमलो, तोही आला. मत घेतलं. माल नष्ट करायचा यावर ९ विरुद्ध २. त्याला ठेवायचा यावर ६ विरुद्ध ५. पाच जण अजून नाराज आहेत आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यातल्या एकाने संध्याकाळी गिल्ड सोडलं. आठ वर्षांचा दोस्त आहे माझा.

अट एकच ठेवली, त्याने कोठाराला सहा महिने हात लावायचा नाही, ना टाकायला, ना काढायला. मूळ खातं कंपनीने कायमचं बंद केलं, त्यामुळे पहिल्या लेव्हलपासून सुरू करेल. सोडून गेलेल्या पाच जणांना त्याने स्वतः निरोप पाठवले. दोघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकाने बरंच सुनावलं.

आमचा गेम एका वेळी शंभरच जुड्या नष्ट करू देतो आणि प्रत्येक वेळी "नक्की?" विचारतो. एकशे दहा वेळा तो शेजारी बसून "हो" दाबत होता. कोणी काही बोलत नव्हतं.

दोन_पोरांचा_बाप

टेलिग्रामचा तो ग्रुप आज सोडला. उद्या रात्री दहाला मीही जाईन नदीकाठी, तासभर. कॉट_नंबर_३, भेटलास तर हाक मार.

मंडईवाला

कॉट_नंबर_३, मला आठवड्यातून तीन दिवस पहाटे ४ ते ७ हिशेब लिहायला माणूस पाहिजे. आवक, जुड्या, भाव, हमाली, तोलाई. हाताने लिहायचं, मग एक्सेलमध्ये. थंडीचे दिवस आहेत, स्वेटर घालून ये. कॉलेजच्या वेळेआधी सोडीन. खाऊन येऊ नकोस, गाळ्यावर पोहे असतात.

कॉट_नंबर_३

बुधवारी येतो काका.